पुळणीची जमीन आणि आपली विहीर



वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख माणसाचा दाखला संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. हा दाखला आपण चर्चमध्ये ऐकतो आणि घरी परत येतो ते वाळूवरच्याच घरात! हरमल, मांद्रे, मोरजीपासून कळंगुट, कांदोळीपर्यंत आणि खाली साष्टीत कोलवा, बाणावली, वार्कापर्यंत समुद्रकाठच्या आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळूवर घरे बांधली, माड लावले, विहिरी खणल्या. प्रभूने तो दाखला विश्वासाच्या पायाविषयी सांगितला, शेतीविषयी नव्हे. तरी शेतकऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी: आपल्या पायाखाली काय आहे ते ओळखून वागावे.

पावसाळा तोंडावर आला की माडाची आळी काढणे, खत घालणे ही कामे सुरू होतात. म्हणून या वेळी पुळणीच्या जमिनीचे गुणधर्म समजून घेऊ. तिचा आपल्या पिण्याच्या पाण्याशी फार जवळचा संबंध आहे, तोही पाहू.

१. पाणी का थांबत नाही?

जमीन पाणी किती लवकर सोडते यावरून शास्त्रज्ञ तिचे वर्ग पाडतात. एका टोकाला सदा पाणथळ राहणारी जमीन, तर दुसऱ्या टोकाला ‘अतिनिचऱ्याची’ जमीन. आपली पुळण या दुसऱ्या टोकाची.

याचे कारण कणांच्या आकारात आहे. वाळूचा मोठा कण १ ते २ मिलिमीटरचा असतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. म्हणजे १ मिलिमीटरच्या वाळूच्या कणाच्या रुंदीवर चिकणमातीचे ५०० कण एका रांगेत बसतील. पाणी आणि अन्नद्रव्ये कणांच्या पृष्ठभागाला धरून राहतात. जितके कण बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त. वाळूत हा पृष्ठभाग फारच थोडा.

पुष्कळांना वाटते की वाळूत पोकळी जास्त असते म्हणून पाणी जाते. खरे पाहता एकूण पोकळी चिकणमातीतच अधिक असते. वाळूतली छिद्रे संख्येने कमी पण मोठी असतात. मोठ्या छिद्रातून पाणी आपल्याच वजनाने खाली उतरते, बारीक छिद्रात ते अडकून राहते.

आता थोडे आकडे पाहू. चिकण जमिनीत तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी मुरते, तर वाळूत ३० मिलिमीटरहून अधिक. एक मीटर खोलीच्या चिकण जमिनीत पिकाला उपयोगी पडेल असे १७५ ते २५० मिलिमीटर पाणी साठते, वाळूत फक्त २५ ते १००. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी या जमिनीतून गाळणीतून जावे तसे जाते.

२. ओळखावी कशी?

मूठभर ओली माती घेऊन तिचा गोळा करावा. पुळणीच्या मातीचा गोळा होत नाही. झालाच तर बोट लावताच फुटतो. दुसरी परीक्षा अशी: दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा चार बोटे जमिनीत ठोकावा. एकदा पाणी ओतून जमीन भिजू द्यावी. मग पुन्हा डबा भरावा आणि घड्याळ लावून किती वेळात रिकामा होतो ते पाहावे. हाच प्रयोग खाजनाच्या किंवा डोंगराकडच्या मोरड शेतात करावा. मुलांना बरोबर घ्यावे, त्यांना यातून शाळेच्या धड्यापेक्षा जास्त समजेल.

या जमिनीचे गुणही आहेत, ते विसरू नयेत. ती पाऊस उघडताच कामाला येते, लवकर तापते, मुळांना आडकाठी करत नाही. भुईमुगाच्या शेंगा आणि रताळी स्वच्छ निघतात. खेर शेतात भातानंतर अळसांदे व भाज्या चांगल्या होतात, त्याचे एक कारण अशा हलक्या मातीची मोकळीक हेच. मात्र मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही अशाच मोकळ्या मातीत जास्त त्रास देतात. म्हणून एकाच जागी सतत भेंडी-वांगी-मिरची घेऊ नये.

३. खत कुठे जाते?

एका माडाचे आळे बुंध्यापासून १.८ मीटर धरले, तर त्याचे क्षेत्र सुमारे १० चौरस मीटर होते. एक मीटर खोलीपर्यंत ही वाळू समजा ७० मिलिमीटर पाणी धरते. म्हणजे आळ्याखाली अगदी कोरड्या दिवसांत सुमारे ७०० लिटर पाणी मावेल. एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला की त्या आळ्यात १००० लिटर पाणी पडते. वरचे ३०० लिटर मुळांच्या खाली जाणार. जुलैत तर जमीन आधीच भरलेली असते, तेव्हा पडेल ते सगळेच खाली जाते.

आणि ते रिकाम्या हाताने जात नाही. युरिया उबदार, ओल्या जमिनीत थोड्याच दिवसांत नायट्रेट या रूपात बदलतो. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटत नाही. पालाश धरून ठेवण्याची ताकदही वाळूत थोडीच. म्हणून आपण पैसे मोजून आणलेले खत पहिल्या मोठ्या सरीबरोबर माडाला चुकवून निघून जाते. माड पिवळा दिसतो, आपण आणखी खत घालतो, तेही जाते.

तेव्हा या जमिनीला थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा द्यावे. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने फळत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस केली आहे. म्हणजे युरिया सुमारे १ किलो १०० ग्रॅम, सुपर फॉस्फेट २ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २ किलो. पाण्याची सोय असल्यास याचे चार समान हप्ते करावेत: एप्रिल-मे, ऑगस्ट-सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. प्रत्येक हप्त्याला माडामागे युरिया २७५ ग्रॅम, सुपर ५०० ग्रॅम, पोटॅश ५०० ग्रॅम. जून-जुलैच्या मुसळधार पावसात रासायनिक खताला हात लावू नये. मातीपरीक्षण झाले असल्यास त्याप्रमाणे मात्रा कमी-जास्त करावी.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आळे तुडुंब भरण्यापेक्षा दर चार दिवसांनी माडाला २०० लिटर पुरेसे. ठिबक केल्यास तोट्या अधिक लावाव्यात, कारण वाळूत पाणी बाजूला पसरत नाही, सरळ खाली उतरते.

४. जमिनीला धरायला शिकवणे

वाळूची चिकणमाती करणे आपल्या हाती नाही. पण कुजलेला पालापाचोळा वाळूच्या कणांमध्ये स्पंजासारखे काम करतो आणि तो पुरवणे आपल्या हाती आहे.

आपल्या भाटातच उत्तम साधन पडलेले असते, ते म्हणजे नारळाची सोडणे. ती आपल्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरतात, शिवाय त्यांत पालाशही असते. माडाभोवती चर खणून सोडणे थरांनी पुरावीत. पोकळ बाजू वर ठेवावी म्हणजे पाणी वाटीसारखे धरले जाते. प्रत्येक थरावर माती टाकावी. एकदा केलेले हे काम पाच ते सात वर्षे उपयोगी पडते. आळ्यावर आच्छादन म्हणून पसरायची झाल्यास मात्र ती पालथी ठेवावीत. नवा माड लावताना वाळूत पाऊण मीटरचा खड्डा पुरतो. त्याच्याही तळाशी सोडणांचे दोन थर द्यावेत.

पावसाच्या सुरुवातीला प्रत्येक आळ्यात १०० ग्रॅम ताग, धैंचा किंवा चवळीचे बी टाकावे आणि फुलावर येताच ते पीक मातीत गाडावे. गिरीपुष्पाचा पाला, चुडते, केळीचे खुंट काहीही जाळू नये. वर्षाला माडामागे २५ ते ५० किलो शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे. वाळूत ते लवकर कुजून संपते, म्हणून दरवर्षी द्यावे लागते. एक वर्ष देऊन तीन वर्षे वाट पाहणे इथे चालत नाही.

५. वाळूतून गेलेले पाणी पुढे कुठे?

आता मुख्य मुद्दा. मुळांच्या खाली गेलेले पाणी नाहीसे होत नाही. पुळणीत भूजल फार खोल नसते. ते पाणी तिथे मिळते, आणि आपली विहीर त्याच भूजलात खणलेली असते.

आता आपले अंगण डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला विहीर, पलीकडे गोठा, गोठ्यामागे शेणाचा उकिरडा, कोपऱ्यात शौचालयाचा खड्डा आणि सगळीकडे खत घातलेले माड. चिकण जमिनीत जे महिनोन्‌महिने अडून राहिले असते, ते इथे थोड्याच काळात विहिरीकडे उतरते. आणि विहिरीचे पाणी दिसते कसे? काचेसारखे स्वच्छ! वाळू गढूळपणा गाळते खरी. पण विरघळलेले नायट्रेट ती गाळत नाही, आणि वाळू भरड व पाणी उथळ असेल तर रोगजंतूही सगळे अडत नाहीत. म्हणून पाणी निवळ दिसले म्हणजे ते पिण्यायोग्य झाले असे मानू नये.

१९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी शेतावरची काही तान्ही बाळे निळी पडत असल्याचे निदान केले. बाळांना बाटलीचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून दिले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट फार होते. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला हा धोका सर्वांत जास्त. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये.

माता-भगिनींनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही देऊ नये. काही कारणाने वरचे दूध देणे भागच पडले, तर ते तपासलेल्या पाण्यातच करावे. बाळाचे ओठ किंवा नखे निळसर दिसली, धाप लागली, तर घरगुती उपाय करत न बसता तत्काळ इस्पितळात न्यावे.

६. काय करावे?

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर दूर असावा. जागा तेवढी नसेल तर तळ व बाजू पक्क्या बांधलेली, न झिरपणारी टाकी करावी आणि ती वेळच्या वेळी उपसून न्यावी. उकिरडा उघड्या वाळूवर नको. त्याला खाली पक्की जमीन, वर पावसाचे छप्पर हवे. खताचा चोथा आणि रसही त्यामुळे वाचतो. विहिरीलगतच्या माडांना रासायनिक खत देऊ नये. विहिरीला कठडा, भोवती सिमेंटची फरसबंदी आणि सांडपाण्याला दूर नेणारा पाट असावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सरकारी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. जंतूंबरोबर नायट्रेटचीही तपासणी सांगून मागावी.

पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी. हिशोब असा: विहिरीचा व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये) × ७८५ = पाणी लिटरमध्ये. व्यास २ मीटर, पाणी ३ मीटर असेल तर ९४२० लिटर. दर १००० लिटरला चांगली ताजी पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे २४ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे व ढवळावे. खालचा चुना विहिरीत टाकू नये. हे संध्याकाळी करावे आणि पाणी सकाळी काढावे. सां जुवांवच्या दिवशी, २४ जूनला, मुले ज्या विहिरींत आनंदाने उड्या घेतात, त्या विहिरींना तरी त्याच संध्याकाळी ही मात्रा विसरू नये.

शेवटी पंपाविषयी. किनाऱ्यावरचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर असते. उलट वरची पातळी पंपाने १ मीटर उतरली, तर खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर येऊ शकते. एकदा विहीर मचूळ झाली की तिला परत गोडी येणे कठीण.

येत्या १५ मे रोजी शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण आहे. तो दुसऱ्याच्या शेतात राबणारा साधा मजूर होता. त्याच्या मध्यस्थीने पावसासाठी प्रार्थना करू या, आणि त्याच दिवशी आपल्या विहिरीपासून शौचालयाचा खड्डा आणि उकिरडा किती पावलांवर आहेत ते मोजून पाहू या. भूजलाला कुंपण नसते. आपल्या भाटात सांडलेले शेजाऱ्याच्या घागरीत जाते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळण्याची ही एक अगदी साधी रीत आहे.