मोबाइलवर प्रॅक्टिकल?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. फिजिक्सच्या सरांनी प्रॅक्टिकलसाठी मोबाइल वापरायला सांगितलाय. मोबाइलवर खराखुरा प्रयोग होतो, की नुसती चित्रं बघायची?

उत्तर : खराखुरा होतो. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचं चित्रही फिरतं, ते आतल्या त्वरणमापकामुळे. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो किती सरकला यावरून त्वरण कळतं. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप हे आकडे थेट विद्यार्थ्यापुढे ठेवतं.

मोबाइल टेबलावर स्थिर ठेवला, तरी त्वरणमापक शून्य दाखवत नाही; ९.८ च्या आसपास दाखवतो. तोच मोबाइल जाड उशीवर सोडला, तर पडत असताना आकडा शून्याजवळ येतो. उलटंच वाटतं ना? टेबल मोबाइलला खालून रेटत असतं, म्हणून स्प्रिंग दबलेली असते. पडताना मोबाइल आणि आतला तुकडा बरोबरच पडतात, स्प्रिंग मोकळी राहते. पुस्तकातलं वाक्य पाठ करून हे उमगत नाही.

माझा सर्वात आवडता प्रयोग आवाजाच्या वेगाचा. पाच मीटर अंतरावर दोन मोबाइल ठेवायचे, दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारं घड्याळ लावायचं. एकीने पहिल्याजवळ टाळी वाजवायची, थोड्या वेळाने दुसरीने दुसऱ्याजवळ. दोन घड्याळांत साधारण ०.०२९ सेकंदाचा फरक येतो, म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन दहा मीटरला लागणारा वेळ. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ३४० मीटर!

कॉलेजात एका उपकरणाभोवती चौघी उभ्या राहतात, हात एकीचाच लागतो. इथे प्रत्येकीला स्वतः चुकायला आणि पुन्हा करायला मिळतं, हा मला फार मोठा फायदा वाटतो. व्हर्नियर, स्क्रूगेज हाताळायला मात्र प्रयोगशाळाच हवी.

एक अडचण येईल. मोबाइलचाच लंबक करून गुरुत्वत्वरण काढताना दोरीची लांबी कुठपर्यंत मोजायची? मोबाइलचा गुरुत्वमध्य नेमका सापडत नाही. तिला वेगवेगळ्या लांब्या घेऊन, आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढायला सांगा. लांबीतली तीच ती चूक आलेखाच्या चढावर परिणाम करत नाही, आणि गुरुत्वत्वरण चढावरूनच काढायचं असतं.