कागदी पिशवी वर का जाते?

विहिरीचे पाणी शेंदताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. भरलेली घागर पाण्यात असते तोवर हलकी लागते. ती पाण्याबाहेर आली की दोराला एकदम ओढ बसते. घागर तीच, पाणी तेच. मग वजन कुठून आले? वजन होतेच. पण खालचे पाणी घागरीला वर ढकलत होते, म्हणून ते हाताला कळत नव्हते.

पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधतात, तो याच रेट्यामुळे. मात्र भोपळ्याला चीर गेली आणि आत पाणी शिरले, की आधार संपला. मुलाला विहिरीत सोडण्याआधी भोपळा पाण्यात दाबून बघा. बुडबुडे आले तर तो भोपळा कामाचा नाही.

हवाही अशीच वर ढकलते. हवेला कुठले आले वजन, असे पुष्कळ जण म्हणतात. पण ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा खोलीतली हवा भरते क्विंटलभर! म्हणजे ज्वारीचे एक पोतेच म्हणा ना.

आम्ही शाळेत मुलांकडून एक तराजू करवून घेत असू. कडब्याचे हलके ताट घ्यावे. पातळ कागदाच्या दोन सारख्या पिशव्या त्याच्या दोन टोकांना दोऱ्याने टांगाव्यात. पिशव्यांची तोंडे खाली हवीत. मधोमध दोरा बांधून ताट समतोल करावे. वारा येत असेल तर दार लावून घ्यावे. आता एका पिशवीखाली दीड वीत अंतर सोडून पेटता दिवा धरावा. दिवा मोठ्या माणसानेच धरावा, पोराच्या हाती देऊ नये. जरा वेळाने ती पिशवी वर जाते. दिवा काढला की हळूहळू दोन्ही पुन्हा सारख्या होतात.

ऊन हवा फुगते. त्यातली थोडी पिशवीच्या तोंडातून बाहेर जाते. आत हवा कमी उरली, म्हणून पिशवी हलकी झाली. भोवतीची गार हवा तिला वर रेटते.

फ्रान्स देशात मोंगोल्फिए नावाच्या भावांचा कागदाचा धंदा होता. त्यांनी १७८३ साली कापड आणि कागद यांचा मोठा फुगा करून ऊन हवेने उडवला. पुढे त्याखाली मेंढी, बदक आणि कोंबडा बसवले. मुकी जनावरे आधी, माणसे मागून! त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला दोन माणसे पॅरिसवरून सुमारे २५ मिनिटे तरंगत गेली. जाळामुळे फुग्याला भोके पडू लागली, ती त्यांनी ओल्या बोळ्याने विझवली.

हल्ली बाजारात जळत्या वातीचे उडते कंदील मिळतात. त्यांत विझवायला कोणी बसलेले नसते. असा कंदील कुणाच्या गंजीवर उतरला तर वर्षाची वैरण जाते. पोरांनी हट्ट धरलाच, तर त्यांना वरचा तराजू करून द्या.