सेटलमेंटचा फोन आला तर

कर्जाच्या टेबलावर नोकरी काढली म्हणून सांगतो, नीट ऐक. कार्ड थकलं की वसुलीवाला फोन करतो, 'साहेब, 80,000 आहेत, 35,000 भरा, विषय मिटवू.' ऐकायला बरं वाटतं. पण सिबिलच्या रिपोर्टात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' लागत नाही, 'सेटल्ड' लागतं. उद्या घरकर्जाला गेलास की समोरचा अधिकारी हाच शेरा आधी हेरतो. उरलेले 45,000 बँकेच्या अंगावर टाकून तू मोकळा झालास, एवढंच त्याला दिसतं.

तेव्हा थकायच्या आधीच बँकेत जा आणि बाकीचे हप्ते पाडून माग. सेटल्ड लागलंच असेल, तर सुटलेली रक्कम भरून ना देय दाखला घे आणि शेरा बदलून 'क्लोज्ड' कळवा म्हणून लेखी अर्ज दे. पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. हां, पोरांच्या फीलाच पैसे नसतील तर सेटलमेंट कर, त्यात लाज नाही. फक्त बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत एक रुपया भरायचा नाही. फोनवरच्या शब्दाला पुढे कुणी ओळख देत नाही.

रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो पूर्ण द्यावाच लागतो. दर तीन महिन्यांनी एकीचा काढ, वर्षभर नजर राहते. स्वतःचा बघितल्याने स्कोअर घसरत नाही, ती अफवा आहे. स्कोअरच्या आकड्यावर खूश होऊन रिपोर्ट मिटू नकोस, महिन्यांचे चौकोन बघ. '000' किंवा 'एसटीडी' म्हणजे ठीक. 30, 60 दिसलं तर हप्ता तितके दिवस रखडला होता. फेडलेलं कर्ज चालू दाखवतात, कधी भलत्याचंच कर्ज आपल्या पॅनवर चढतं. असली चूक दिसली तर तक्रार कर. ती 30 दिवसांत सुटली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते. 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. 'स्कोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस.

नव्याने पत उभी करायला एफडीवरचं कार्ड बरं. लाइट बिल, गॅस, एवढंच त्यावर टाक. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नकोस आणि बिल पूर्ण भर. 'मिनिमम ड्यू' भरलं की शेरा टळतो, पण उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के चढतात. कुठला सावकार लावायचा एवढं? एटीएममधून कार्डाने रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून. पगार झाल्यावर दोन-चार दिवसांनी ऑटो-डेबिट लाव. आणि एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नकोस, बँकेची प्रत्येक चौकशी रिपोर्टात उमटते.

राहिला जामीन. बँकेच्या कर्जाला सही केलीस की ते तुझ्याही रिपोर्टात येतं आणि कर्ज घेणाऱ्याने हप्ता चुकवला की डाग तुझ्यावरही पडतो. आपल्याकडे नाही म्हणणं जड जातं, ठाऊक आहे. मेव्हणा ट्रॅक्टरच्या कर्जाला तुझी सही मागतोय ना, ते माझ्यावर सोड, त्याच्याशी मी बोलतो.