सोन्याच्या नाण्यावर ख्रिस्ताचा चेहरा



कर द्यावा की नाही, असे विचारणाऱ्यांना प्रभू येशूने नाणे दाखवायला सांगितले आणि त्यावर चेहरा कोणाचा, असा उलट प्रश्न केला (मत्तय 22:15-22). ते नाणे कैसराचे होते. पुढे कैसरच ख्रिस्ती झाले, तेव्हा नाण्यावर काय आले? आज आपण हे पाहू.

सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. 310 च्या सुमारास 'सॉलिडस' हे सोन्याचे नाणे सुरू केले. एका रोमी पौंडात 72 नाणी पाडीत. एकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. जवळजवळ सातशे वर्षे त्याचे वजन व कस टिकून राहिला.

या नाण्याची कीर्ती आपल्या देशापर्यंत पोहोचली होती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्याने 'कल्लियाना' या बंदराचे वर्णन केले आहे. तिथे इराणातून नेमलेला बिशप असे, असे तो लिहितो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे मुंबईजवळचे कल्याण मानतात. रोमी सोन्याचे नाणे जगात सगळीकडे चालते, असेही तो सांगतो. कर्नाटकातील अक्की आलूर येथे अशी नाणी सापडली आहेत.

पाचव्या शतकात या नाण्यांवर मोठा क्रूस दिसू लागला. इ. स. 692 च्या सुमारास सम्राट दुसरा जस्टिनियन याने एका बाजूला ख्रिस्ताचा चेहरा कोरला. दुसऱ्या बाजूला हातात क्रूस घेतलेला तो स्वतः, आणि शब्द 'ख्रिस्ताचा सेवक'. पण त्याचे करवसुली अधिकारी फार जुलमी होते. इ. स. 695 मध्ये चिडलेल्या लोकांनी त्याला गादीवरून खाली ओढले. नाण्यावर ख्रिस्त होता, वसुलीत नव्हता.

आता दुसरी गोष्ट पाहा. आजच्या तुर्कस्तानातील एदेसा शहरातील कारागीर व लहान दुकानदारांना दर चार वर्षांनी 140 पौंड सोने करापोटी भरावे लागे. हिशेब केला तर ती 10,080 नाणी होतात! इ. स. 498 मध्ये सम्राट अनास्तासियसने हा कर रद्द केला. तेव्हा लहानथोर सारे पांढरी वस्त्रे नेसून, मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये गेले आणि मिस्सा अर्पण झाली. त्या दिवशी नाण्यावरचा क्रूस खऱ्या अर्थाने लोकांना दिसला असेल, असे आम्हांला वाटते.

आपल्या खिशातल्या नोटेवर क्रूस नाही, आणि त्याची गरजही नाही. देवाची प्रतिमा माणसावर कोरलेली आहे (उत्पत्ती 1:27). लासूर स्टेशनच्या बाजारात आपण ज्याचा माल तोलतो, ज्या मजुराला संध्याकाळी पैसे देतो, ज्याच्याकडून उसनवारी वसूल करतो, त्याच्यावर ती प्रतिमा आहे. नाण्याचा कस सोनार पाहतो. आपला कस व्यवहारात लागतो.

घरी चर्चेसाठी:
1. आपल्याकडून कोणाची मजुरी थकली आहे का?
2. एखाद्या अडलेल्या कुटुंबाचे देणे आपण या महिन्यात माफ करू शकतो का, की निदान मुदत तरी वाढवून देऊ शकतो?