नर्सिंगला गेलेली लेक गप्प झाली तर

बारावीनंतर आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच मुली जीएनएमला जातात. कोर्स तीन वर्षांचा. रोहा, मुरुड, म्हसळ्याची मुलगी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा वॉर्डात उभी राहते, तेव्हा सुरुवातीचे महिने जड जाणारच. सकाळी ड्युटी, दुपारी लेक्चर, इंग्रजी पुस्तकं, डोळ्यांसमोर गेलेला पहिला पेशंट. आम्ही परिचारिका यातूनच आलो. हा ताण झाला. झोप मिळाली, मैत्रिणीशी बोलणं झालं की तो उतरतो.

नैराश्य असं उतरत नाही. मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं, सोबत झोप-भूक बिघडणं, लक्ष न लागणं, ‘मी कुचकामी’ असं वाटणं, हे जवळपास रोज दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवावं. हा आजार आहे. नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधा तर नव्हेच.

एक कारण पुस्तकात सापडत नाही. आडनाव काढून विचारणं, सवलतीवरून टोमणे. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या, आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी जीवन संपवलं. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. अशा छळावर गोळी हा इलाज नाही. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते.

फोनवर मार्कांआधी झोप आणि जेवण विचारा. जीव नकोसा झालाय का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाली तर एकटी सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. बोलायला टेलिमानस १४४१६ आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच मनाने बंद करू नयेत. शिकाऊ नर्सला गोळ्यांची नावं ठाऊक असतात, म्हणून ती स्वतःच झोपेची गोळी घेऊ लागते, तिकडे लक्ष ठेवा. आनापान साध्या बेचैनीला चांगलं. पण तीव्र नैराश्यात दहा दिवसांच्या शिबिराला पाठवणं आम्हाला पटत नाही. आधी डॉक्टर.

पैशाची काळजीही मुली मनातच ठेवतात. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटी समाजकल्याण कार्यालयात विचारा, आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवा.