मिनी डोनट: आधी आप्पेपात्र, मग मशीन



मागच्या महिन्यात चकलांब्याच्या बैठकीत बचत आणि परतफेडीचा विषय संपला आणि एका ताईंनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत छोटं गुलाबी मशीन, पीठ ओतलं, झाकण लावलं, पाच मिनिटांत सात गोल डोनट बाहेर! बघता बघता पाच जणींनी मशीनसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मी "पुढच्या बैठकीत ठरवू" म्हटलं तेव्हा दोघी-तिघींचे चेहरे पडले, ते मला दिसलं. म्हणून मधल्या काळात एका ओळखीच्या घरचं मशीन मागून आणलं आणि चार दिवस स्वतः करून बघितलं. त्यावरून हा पाठ लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, बेकरीत मिळतो तो डोनट आणि हा डोनट एक नाही. बेकरीतला डोनट यीस्ट घालून फुगवलेल्या कणकेचा असतो आणि तेलात तळतात. मशीनमधला म्हणजे केकच्या पिठाचा छोटा गोल केक. चव चांगली लागते, तेल कमी लागतं, पण बेकरीसारखा म्हणून विकायला गेलात तर खाणारा म्हणेल, हा तर केक आहे. तेव्हा "केक डोनट" असंच सांगून विका.

आता प्रमाण. एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, एक छोटा सपाट चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, हे सगळं दोनदा चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात पाव वाटी ताजं दही, दोन मोठे चमचे तेल, वेलची पूड आणि पाव वाटी दूध. दोन्ही एकत्र करा आणि लागेल तसं दूध वाढवत जा. पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं. गाठी मोडल्या की थांबायचं. मैदा जास्त फेटला तर डोनट चिवट होतात. पहिल्या दिवशी माझे झाले होते, घरात कोणी दुसरा उचलला नाही. आणि पीठ कालवून ठेवून देऊ नका. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच कामाला लागते, अर्ध्या तासाने तिचा जोर राहत नाही. म्हणून मशीन तापायला लावायचं आणि मगच कोरडं-ओलं एकत्र करायचं.

मैद्याचा चौथा भाग काढून तिथे ज्वारीचं पीठ घातलं तरी छान होतात. त्याहून जास्त घातलं तर काढताना तुटतात, कारण ज्वारीला मैद्यासारखा चिकटपणा नसतो.

मशीन तापलं की दिवा बदलतो. खाचांना तेलाचा हात लावा. पीठ चमच्याने घातलं तर मधल्या खुंटीवर सांडतं, म्हणून दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत भरा, कोपरा कापा आणि मेंदीच्या कोनासारखं गोल फिरवा. खाच पाऊण भरायची. काठोकाठ भरली तर पीठ फुगून बाहेर येतं आणि भोक बुजतं. झाकण लावल्यावर पहिली तीन मिनिटं उघडून बघायचं नाही. मी उघडलं, तर वरचा अर्धा झाकणाला आणि खालचा अर्धा खाली. चार-पाच मिनिटांनी काडी टोचून बघा, कोरडी निघाली की झालं. काढायला लाकडी काडी वापरा. सुरी किंवा उलथनं लावलं की आतला न चिकटणारा थर खरवडतो आणि मशीन कामातून जातं. धुवायचं तर मुळीच नाही. प्लग काढायचा, गार होऊ द्यायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं.

मी वापरलेलं मशीन ८०० वॅटचं होतं, म्हणजे सलग तासभर तापलं तरी एक युनिटसुद्धा लागत नाही. विजेचा खर्च मोठा नाही, वीज असण्याचा प्रश्न मोठा आहे. घाणा अर्धा झाला आणि लाइट गेली तर ते सात डोनट गेले. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर मशीन लावू नका. एकाच बोर्डावर इस्त्री, मिक्सर आणि हे एकदम नको. अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून बघून घ्या.

चॉकलेटचं मात्र आपल्याकडे अवघड आहे. एप्रिल-मेच्या उन्हात चॉकलेटचा थर डब्यातच वितळतो. डोनट गार झाल्यावर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरवा, स्वस्तही पडतं.

आता पैशाचं बोलू. पीठ भरणं, भाजणं, काढणं धरून एका घाण्याला सहा-सात मिनिटं जातात. तासाला नऊ घाणे, म्हणजे ६० च्या आसपास डोनट. हात कितीही चालवला तरी मशीन याच्या पुढे जात नाही. समजा मशीन २,००० रुपयांना आलं, एका डोनटचा माल आणि वीज ३ रुपये आणि विक्री ५ रुपये. हातात राहिले २ रुपये. मशीनचे पैसे निघायला १,००० डोनट विकावे लागतील, म्हणजे जवळजवळ १७ तास मशीनपाशी उभं राहणं, आणि त्यात तुमची मजुरी अजून एक रुपयाही धरलेली नाही. हे आकडे मी समजायला घेतलेत. तुमच्या दुकानातल्या मैदा-साखरेचे भाव घालून सचिव ताईंच्या वहीत पुन्हा मांडा.

पाच जणींनी पाच मशीन घेतली तर तेच ५,००० डोनट. एका गावात, एकाच वेळी, कोण खाणार? आणि आपल्या गटातल्या किती जणी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते मी सांगायला नको. सहा महिने मशीन कपाटात राहील, हप्ता मात्र थांबणार नाही.

म्हणून माझं मत असं, की आधी आप्पेपात्र काढा. हेच पीठ आप्पेपात्रात तेल लावून, मंद आचेवर, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं भाजा, मग उलटवून आणखी दोन. भोक नसेल, पण चव तीच. लाइट गेली तरी गॅस आहे. चार आठवडे आठवडी बाजारात किंवा बारशा-वाढदिवसाला विकून बघा आणि किती उरले ते लिहून ठेवा. गिऱ्हाईक परत मागायला लागलं तर गटाच्या नावाने एकच मशीन घेऊ आणि पाळीने वापरू. बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, भोकाशिवाय डोनट कोण घेईल?" खरं आहे, पोरं भोकासाठीच घेतात. पण पोरांनी एकदा खाऊन दुसऱ्यांदा मागितलं का, हे कळायला भोक लागत नाही.

विकायला लागण्याआधी दोन गोष्टी. घरून विकत असलात तरी अन्न सुरक्षा नोंदणी लागते. आणि जास्त साखर-तेलाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला नियमाने बंदी आहे, तेव्हा शाळेसमोर टोपली मांडू नका. अंडं घालून केले तर वेगळ्या डब्यात ठेवा आणि तसं सांगून विका, श्रावणात तर नक्कीच. दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात. उन्हाळ्यात त्याच दिवशी संपतील एवढेच करा.

पुढच्या बैठकीत आपण करूनच बघू. आप्पेपात्र कोण आणणार ते सचिव ताईंना आधी सांगून ठेवा. मैदा आणि दही मी आणते, ज्वारीचं पीठ कोणीतरी घरून आणा.