सुरत ते वडगाव : युद्धाचा अधिकार आणि वचनाचा विश्वास

मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सुरतेस रघुनाथरावांशी तह केला; साष्टी व वसईच्या मोबदल्यात त्यांना सैन्य देऊ केले आणि पुणे दरबाराशी युद्ध आरंभिले. १७७३ च्या नियामक कायद्यान्वये अशा युद्धास कलकत्त्याची पूर्वसंमती आवश्यक होती. ती नसल्याने कलकत्तेकरांनी युद्ध अनधिकृत ठरविले व १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तथापि लंडनच्या संचालकांनी सुरतेचाच तह उचलून धरला. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावी पराभूत इंग्रज फौजेच्या प्रमुखांनी करार केला. तो मुंबई सरकारने नाकारला; सबब हीच की, करणाऱ्यांस अधिकार नव्हता. अधिकाराचा जो नियम युद्ध रोखण्यास अपुरा पडला, तोच वचन मोडण्यास पुरेसा ठरला. नाना फडणिसांच्या इंग्रजांवरील अविश्वासाचे मूळ ऐतिहासिक साहित्याच्या अभ्यासकाने केवळ त्यांच्या संशयी स्वभावात शोधणे म्हणूनच एकांगी होय.